बुद्धिबळाचा प्रोग्राम : 'माझा' कधी म्हणायचा?

चौसष्टघरे

गेली दोन वर्षं रात्रीची जेवणं उरकली की मी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहीत बसतो. नाव ठमी. बायकोने ठेवलंय, कारण पहिले सहा महिने ती जागची हलायचीच नाही. आता ती मला हरवते, सोसायटीतल्या निवृत्त काकांना हरवते आणि गेल्या रविवारी तिने माझ्या भाच्यालाही धुतलं.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हरल्यावर म्हणाला, कोड दाखव. तासभर वाचलं आणि म्हणाला, "मामा, यात तुझं काय आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अल्फा-बीटा शोध (निरुपयोगी ठरलेल्या फांद्या न खणताच सोडून देणारा) माझा नाही. आधी पाहिलेल्या स्थिती लक्षात ठेवायचं कोष्टक झोब्रिस्टच्या पद्धतीचं. नल मूव्ह दुसऱ्याचा. कुठल्या घरात घोड्याला किती गुण, ही कोष्टकं मी एका खुल्या प्रोग्राममधून बघून घेतली, मग हाताने इकडेतिकडे केली. टाइपिंग तेवढं माझं.

ठमी नेटवर टाकायची आहे. प्रोग्राम आणि पटाची खिडकी यांच्यात बोलणं होतं त्या यूसीआय पद्धतीत प्रोग्रामने सुरू होताच आपलं नाव आणि लेखकाचं नाव सांगायचं असतं. त्या लेखकाच्या ओळीपुढे आठवडाभर कर्सर लुकलुकतोय. काय लिहू?

रिकामटेकडा

पहिला! घोडा अडीच घरं जातो यापलीकडे मला काही कळत नाही, पण इथे भांडण होणार असा वास येतोय. भेळ घेऊन बसलोय.

शून्यपूर्णांक

भाच्याला म्हणावं, हाच प्रश्न जगातल्या कुठल्याही इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला, विचार. सगळे खालीच बघतील.

शॅननने १९५० साली लेख लिहून मांडणी केली: स्थितीला गुण द्या, पुढच्या चालींचं झाड धुंडाळा. अल्फा-बीटा पन्नाशीच्या दशकात दोनतीन ठिकाणी वेगवेगळ्या लोकांना सुचलं. त्याचं नीट गणित क्नूथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये करून दिलं. झोब्रिस्टची पद्धत १९७० ची. नल मूव्हवर डॉन बीलने १९८९ मध्ये लिहिलं आणि १९९३ मध्ये क्रिली डोनिंगरने ते असं सोपं करून मांडलं की पुढे सगळ्यांनी घेतलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: नल मूव्ह म्हणजे प्रोग्राम स्वतःशी म्हणतो, 'समज मी माझी चाल सोडूनच दिली, समोरच्याला लागोपाठ दोन दिल्या. तरीही माझंच बरं चाललं असेल, तर ही फांदी आणखी खणण्यात अर्थ नाही.' दोन ओळींची कल्पना, पण शोध कितीतरी खोल जातो. ती वापरली म्हणून कोणी कोणाला चोर म्हणत नाही. लेख छापतात ते वापरण्यासाठीच.

खडूस_आजोबा

शून्य, अर्धंच सांगितलंत. कल्पना उचलणं आणि ओळी उचलणं यात फरक आहे, आणि सगळी भांडणं त्या दोन्हींच्या मधल्या चिखलात होतात.

मी बावीस वर्षं कॉम्प्युटरची प्रॅक्टिकलं तपासली. दोन मुलांची उत्तरं बरोबर आणि सारखी आली तर मी काही बोलायचो नाही. बरोबर उत्तर एकच असतं. पण एकदा दोघांच्या प्रोग्रामात 'बॅलन्स' या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं, तेही सारखंच, आणि दोघांनी एक व्हेरिएबल घोषित करून कुठेही वापरलेलं नव्हतं. दोघांना समोरासमोर बसवलं. एकाने लगेच मान्य केलं. दुसरा म्हणाला, "सर, आम्ही एकत्र अभ्यास करतो." मी म्हटलं, "अभ्यास एकत्र करा, चुका तरी आपापल्या करा."

मी_पण_कोडर

आजोबा _/\_. चुकांचा विषय निघालाच आहे तर रिबकाची गोष्ट सांगायलाच हवी.

२००५. फाब्येन लेतूझे नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरचा फ्रूट नावाचा प्रोग्राम. रेकयाविकच्या जागतिक संगणक स्पर्धेत दुसरा आला. त्याची २.१ ही आवृत्ती त्याने जीपीएल या खुल्या परवान्याखाली कोडसकट खुली केली. कोड इतका स्वच्छ की लोक वाचून शिकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वासिक राइलिखची रिबका १.० बीटा आली आणि थेट ताकदीच्या सगळ्या याद्यांच्या डोक्यावर जाऊन बसली. मुलाखतीत त्यानेच सांगितलं की फ्रूटचा कोड मी पुढून मागून वाचला आणि त्यातून बरंच घेतलं. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. वाचलं, शिकला, छान.

रिबकाने २००७ ते २०१० अशी ओळीने चार जगज्जेतेपदं घेतली. मग २०११ च्या सुरुवातीला काही प्रोग्रामरांनी आयसीजीएकडे, म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेकडे, पत्र दिलं. समितीने रिबकाची चालती फाइल उलगडून फ्रूटशी ताडून पाहिली. जूनअखेर निकाल: चारही विजेतेपदं काढून घेतली, चषक आणि बक्षिसाचे पैसे परत मागितले, राइलिखवर आजीवन बंदी. २००७ चा किताब झाप्पा या प्रोग्रामला, २००८ चा हायार्क्सला.

यात माझा सगळ्यात आवडता पुरावा सांगतो. फ्रूटमध्ये वेळ दशांश संख्येत ठेवलेली, म्हणून 'वेळ ०.० पेक्षा मोठी किंवा तेवढीच आहे का' अशी तुलना आहे. बरोबरच आहे. रिबकात वेळ पूर्णांकात. तिथे साधा ० पुरतो. पण तिथेही एका जागी ०.० च!

फांदी

थांबा थांबा. ० आणि ०.० मध्ये काय एवढं? मला तर दोन्ही शून्यच दिसतायत. (बँकेत आहे, कोडर नाही.)

शून्यपूर्णांक

फांदीताई, तुमच्याच भाषेत सांगतो. तुमच्या शाखेत सगळे व्यवहार फक्त पूर्ण रुपयांत होतात असं समजा. कोणीही '५०० रुपये ०० पैसे' लिहीत नाही, रकाना फक्त रुपयांचाच आहे. एक दिवस एका व्हाउचरवर एकाच जागी 'रु. ०.००' सापडतं. तुम्हाला काय वाटेल?

फांदी

की हे दुसऱ्या शाखेतून आलंय. कळलं. एकदम कळलं.

वजीराविना

इथे एकाच बाजूचा जयजयकार चाललाय म्हणून विरोधी पक्ष म्हणून उभा राहतो.

एक, ते ०.० जिथे सापडलं तो भाग खिडकीकडून येणाऱ्या आज्ञा वाचण्याचा. तो बुद्धिबळ खेळत नाही. तो उचलून रिबकाला ताकदीचा एक गुणही (एलो) मिळणार नाही. दोन, फ्रूटचा पट साध्या अॅरेत होता, रिबकाचा बिटबोर्डमध्ये, म्हणजे ६४ घरांना ६४ बिट. पटच वेगळा असेल तर खेळाचा कोड ओळीला ओळ उतरवताच येत नाही. सगळं पुन्हा लिहावं लागतं. तीन, रिबकातला मोहऱ्यांच्या असमतोलाचा हिशेब (दोन उंटांची जोडी विरुद्ध घोडा-उंट, हत्तीविरुद्ध दोन लहान मोहरे वगैरे) फ्रूटमध्ये नव्हताच. चार, ज्यांनी न्याय केला त्यांतले बरेच त्याचे प्रतिस्पर्धी. आणि आजीवन बंदी! राइलिख फिडेकडे, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेकडे, गेला, तेव्हा २०१५ मध्ये त्यांच्या नीतिमत्ता आयोगाने त्या आजीवन बंदीबद्दल आयसीजीएलाच दोष दिला.

आणि संशयावर लोकांना कसं उडवलं जातं त्याचाही दाखला आहे. २००३ साली ग्रात्सच्या स्पर्धेतून लिस्ट नावाच्या प्रोग्रामला बाहेर काढलं. संशय असा की ही रॉबर्ट हायटच्या क्रॅफ्टी या प्रोग्रामची नक्कल आहे, आणि लेखक कोड दाखवायला तयार नव्हता. पुढे ती नक्कल नव्हती असंच ठरलं. स्पर्धा मात्र गेली ती गेली.

मी_पण_कोडर

वजीर, लिस्टचं मान्य. फिडेचं अर्धं मान्य: त्यांनी शिक्षेवर बोट ठेवलं, नक्कल झाली की नाही ते पुन्हा तपासलं नाही.

पण 'पट वेगळा म्हणून उतरवता येत नाही' हे नाही पटलं. घरांच्या गुणांचंच बघा. फ्रूटमध्ये घोड्यासाठी आठ आकड्यांची एक ओळ आहे: उणे ४, उणे २, ०, १, १, ०, उणे २, उणे ४. कडेचा घोडा वाईट, मधला बरा. या ओळीला एका वजनाने गुणून ६४ घरांचं कोष्टक तयार होतं. समितीने दाखवलं ते असं की फ्रूटचं हेच यंत्र घ्या, फक्त वजनं बदला, रिबकाची कोष्टकं बाहेर पडतात. आकडे वेगळे, साचा तोच. 'घोडा मध्यात चांगला' ही कल्पना, ती कोणाच्याच बापाची नाही. पण उणे ४ च का? उणे ५ का नाही? ती लेतूझेची निवड होती.

शिवाय रिबकाच्या १.० च्या आधीच्या खासगी आवृत्त्यांत क्रॅफ्टीचे तुकडे सापडले त्याचं काय? क्रॅफ्टीचा कोड हायटने वाचायला खुला ठेवला होता, स्पर्धेत उतरवायला नाही.

खडूस_आजोबा

आणि स्ट्रेल्का विसरू नका. २००७ मध्ये रशियातून हा फुकट प्रोग्राम आला. जानेवारी २००८ मध्ये राइलिख म्हणाला, हा माझ्या रिबकाची नक्कल आहे, तेव्हा स्ट्रेल्का २.० मी माझा म्हणून जाहीर करतो. लोकांनी तो कोड उघडून बघितला. आत काय? फ्रूट.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणणार होतो, पण वजीरसाहेब रागावतील.

वजीराविना

रागावत नाही, पण स्ट्रेल्कावाल्याने स्वतःच फ्रूटमधून घेतलं असेल तर? तो स्वतः तसं म्हणतही होता. तुमच्या वर्गात दोन मुलांचं सारखं निघालं की तुम्ही कोणी कोणाचं बघितलं ते विचारायचात ना?

खडूस_आजोबा

विचारायचो. आणि ज्याने आधी 'हे माझं' म्हणून आरडाओरडा केला त्याला जास्त विचारायचो.

रिकामटेकडा

भेळ संपली. आता मिसळ मागवतो.

बोंबीलप्रेमी

अवांतर करतो, माफ करा. रिबका म्हणजे चेक भाषेत छोटा मासा ना? आणि स्टॉकफिश हे दुसरं नावाजलेलं इंजिन, त्याचा अर्थ तर सरळ सुका मासा. इंजिनवाल्यांना मासळीबाजाराचं एवढं प्रेम का?

शून्यपूर्णांक

स्टॉकफिशचं कारण गमतीदार आहे. नॉर्वेच्या तोर्ड रोमस्तादने ग्लॉरुंग नावाचा खुला प्रोग्राम लिहिला होता. इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने २००८ मध्ये तो घेऊन पुढे चालवायला सुरुवात केली. नॉर्वेत वाळवायचा आणि इटलीत शिजवायचा, म्हणून स्टॉकफिश. कॉड वाळवून इटलीला पाठवण्याचा धंदा तिथे शेकडो वर्षं चालत आलाय. आता नीट बघा, हा दुसऱ्याच्या प्रोग्रामवर उभा केलेला प्रोग्राम आहे आणि कोणी हू की चू केलं नाही. कारण नावापासूनच उगम सांगितलाय, कोड खुला, आणि मूळ लेखक पुढे त्याच चमूत. फ्रूटवरूनही टोगा निघाला होता, उघडपणे, जीपीएल पाळून. त्याच्यावरही कोणी खटला भरला नाही.

बोंबीलप्रेमी

म्हणजे आमच्याकडे किनाऱ्यावर मांडवावर बोंबील सुकतो आणि घाटावर जाऊन कालवणात पडतो तसंच. वसईचा मासा, साताऱ्याचं वाटण.

फांदी

सुका बोंबील तव्यावर भाजून, ठेचून, लसूण-मिरचीत परतायचा. कालवणात घालून त्याची माती करणारे आहात तुम्ही.

बोंबीलप्रेमी

वेगळा धागा काढा ताई, तिथे भांडू.

मंजिरी_काळ्याकोटातली

(धाग्यावर परत येऊन.) वकील आहे, पण हा सल्ला नाही, गप्पा आहेत.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा 'साहित्यकृती'च्या व्याख्येत बसतो. कथा-कवितेच्या पंगतीला. म्हणजे संरक्षण मांडणीला, कल्पनेला नाही. 'सासू-सुनेचं भांडण' या विषयावर कोणाचा हक्क नाही, तुमच्या संवादांवर आहे. अल्फा-बीटा, नल मूव्ह हे विषय झाले. मी_पण_कोडर म्हणतात तो उणे ४, उणे २ चा साचा मात्र कोर्टात मजेशीर पडेल. आठ आकडे म्हणजे मांडणी की निव्वळ माहिती? दोन्ही बाजूंनी फी घेऊन बोलता येईल.

यात लोक नेहमी दोन गोष्टींची खिचडी करतात. स्पर्धेचा नियम वेगळा, कायदा वेगळा. आयसीजीएचा नियम होता की प्रोग्राम भाग घेणाऱ्याचं मूळ काम असावं, आणि दुसऱ्याचा खेळणारा कोड वापरला असेल तर ते अर्जात सांगावं. म्हणजे तिथे गुन्हा घेण्यापेक्षा न सांगण्याचा. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा.

जीपीएलचंही तसंच. विकायला बंदी नाही! हजार रुपयांना विका. अट एवढीच की घेणाऱ्याला कोडही द्या, तेच हक्क द्या, मूळ लेखकांच्या नावाची सूचना पुसू नका.

म्युनिकर

मंजिरीताईंच्या शेवटच्या परिच्छेदावर आमच्या गावात खटला झालाय, म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त इथे आठ वर्षं आहे, ऑफिसातल्या बुद्धिबळवाल्यांत तेव्हा दुसरा विषय नव्हता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये हॅम्बुर्गच्या चेसबेस या बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने फॅट फ्रिट्झ २ हे इंजिन बाजारात आणलं. शंभर युरोंच्या आसपास. जाहिरात अशी की जणू नवा राक्षस जन्मला. आत होतं स्टॉकफिश, किरकोळ फेरफार करून, आणि वेगळं शिकवलेलं, आकाराने मोठं न्यूरल नेटवर्क. स्टॉकफिशवाल्यांनी लगेच निवेदन काढलं की यात आमचं किती आणि त्यांचं किती. हूडिनी ६ हे दुसरं विकाऊ इंजिन, त्यातही स्टॉकफिशचा कोड निघाला. जुलैमध्ये दावा दाखल झाला: तुम्ही अटी मोडल्या, तुमचा परवाना रद्द.

नोव्हेंबर २०२२ ला तडजोड झाली. चेसबेसने वर्षभर स्टॉकफिश असलेलं काही विकायचं नाही, त्यानंतर परवाना परत. शिवाय खुल्या सॉफ्टवेअरच्या अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला कंपनीत एक माणूस नेमायचा. पैशांची भरपाई कोणी मागितली नव्हती, हे मला सगळ्यात आवडलं.

रिकामटेकडा

आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबाची किंमत शंभर युरो.

खडूस_आजोबा

मघाशी बोंबीलप्रेमींनी मासा काढला, मी अभंग काढतो. आपल्याकडे जुन्या पोथ्यांत क्षेपक अभंग असतात. कोणीतरी स्वतः रचलेला अभंग संताच्या नावाची शेवटची ओळ जोडून गाथेत घुसडतो. तिथे उलटी चोरी आहे. माल स्वतःचा, नाव दुसऱ्याचं. संगणकवाल्यांत असा कोणी निघाला का, स्वतः भारी इंजिन लिहून दुसऱ्याच्या नावावर खपवणारा?

शून्यपूर्णांक

आजोबा, दुसऱ्याच्या नावावर नाही, पण बिननावाचा निघाला! २००९ मध्ये इप्पोलिट आला. टोपणनावं, विचित्र रशियन थाटाची निवेदनं, कोड वाचवत नाही असा, आणि ताकद रिबका ३ च्या तोडीची. राइलिखचं म्हणणं, ही रिबका ३ उलट बाजूने उलगडून लिहिलेली. लेखक समोर येईना. चाचण्या घेणाऱ्या काही गटांनी तो यादीत घ्यायलाच नकार दिला. पण कोड सार्वजनिक होता आणि प्रत्येक प्रोग्रामरने तो वाचला. 'मी बघितलाच नाही' म्हणणारे होते, त्यांच्याकडे बघून बाकीचे हसायचे.

याच काळात डॉन डेलीने साम्य मोजायचं एक साधन केलं. हजारो स्थिती द्यायच्या, प्रत्येक इंजिनाला थोडा वेळ द्यायचा, आणि दोन इंजिनं किती वेळा तीच चाल निवडतात ते मोजायचं. कोड न बघता नातं ओळखण्याचा प्रयत्न. नाकावरून 'तू अमक्यांचा का रे?' विचारतात ना, तसं. पण नाक सारखं म्हणजे चोरी नव्हे, दोघे एकाच पुस्तकात शिकलेलेही असू शकतात.

आईआणिचेकमेट

मुलगी दहा वर्षांची, जिल्हा पातळीवर खेळते. एवढं सगळं वाचून मी विचारते, तिच्यासाठी विकत कुठलं इंजिन घेऊ?

वजीराविना

कुठलंही नको. स्टॉकफिश फुकट आहे, फोनवरसुद्धा तुमच्या जिल्ह्यातल्या सगळ्यांना एकत्र हरवेल. पैसे प्रशिक्षकाला द्या, आणि डाव तिने स्वतः तपासल्याशिवाय इंजिन लावू देऊ नका. (पहिल्यांदाच सगळ्यांशी एकमत होईल बहुतेक.)

खडूस_आजोबा

+१. तारीख लिहून ठेवा.

मी_पण_कोडर

२०२० नंतर हे प्रकरण आणखी गुंतलंय. स्टॉकफिशची मोठी उडी ज्याने झाली ते एनएनयूई हे न्यूरल नेटवर्क मुळात बुद्धिबळाचं नाहीच! शोगीसाठी, म्हणजे जपानी बुद्धिबळासाठी, यू नासूने २०१८ मध्ये काढलं. नेटवर्क असं बांधलंय की एका चालीने इनपुटमधल्या दोनचार गोष्टीच बदलतात, मग पहिल्या थराची अख्खी बेरीज पुन्हा करायची नाही. गेलेल्याचं वजा, आलेल्याचं जमा. वाण्याच्या वहीसारखं, रोज सगळी उधारी पहिल्यापासून मांडत नाही कोणी. म्हणून ते साध्या सीपीयूवर धावतं. नोदा नावाच्या दुसऱ्या जपानी प्रोग्रामरने ते स्टॉकफिशवर बसवून दाखवलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अधिकृत कोडमध्ये घेतलं.

पुढे २०२१ पासून हे नेटवर्क शिकवायला लीलाच्या डावांतला डेटाही वापरायला लागले. लीला म्हणजे अल्फाझीरो या स्वतःशीच खेळून शिकलेल्या प्रोग्रामच्या लेखावरून स्वयंसेवकांनी उभा केलेला प्रकल्प, स्टॉकफिशचा प्रतिस्पर्धी. आणि लीला सुरू करणारा गॅरी लिन्स्कॉट कोण? ज्याने स्टॉकफिशला लोकांच्या घरच्या संगणकांवर चाचण्या घेणारी फिशटेस्ट करून दिली, तोच. आता सांगा यात कोणाचं काय?

१६.१ मध्ये, फेब्रुवारी २०२४ ला, हाताने लिहिलेले मूल्यमापनाचे नियम उरलेसुरलेही गेले. कडेचा घोडा वाईट हे आता कुठल्याच ओळीत लिहिलेलं नाही. लाखो वजनांत कुठेतरी विरघळलंय. रिबकाचा खटला आज भरायचा तर उणे ४ कुठे शोधणार?

वजीराविना

डीप ब्ल्यूचंही घ्या, १९९७ ला कास्पारॉव्हला हरवलं तो आयबीएमचा संगणक. त्याच्या चिपमधली चाली तयार करायची रचना केन थॉम्प्सनच्या बेल या यंत्रावरून पुढे नेलेली होती. ती चिप करणाऱ्या श्यू यांनी ते लपवलं नाही, म्हणून कोणी त्यांना चोर म्हटलं नाही. एवढ्यापुरता मी मंजिरीताईंच्या बाजूला. भांडं लपवू नये. पण भांडं लपवलं म्हणून जन्मठेप देऊ नये, हे माझं म्हणणं शेवटपर्यंत राहील.

मंजिरी_काळ्याकोटातली

अपील मंजूर.

खडूस_आजोबा

सगळे बोलले, धागा काढणारे चौसष्टघरे कुठे गेले? त्यांना माझा एक गृहपाठ. ठमीतला प्रत्येक आकडा घ्या आणि स्वतःला विचारा, हा एवढाच का? 'अमक्या ठिकाणी असा होता' हेही उत्तर चालेल, तसं लिहून ठेवा. 'मी शंभर डाव खेळवून ठरवला' हे तर उत्तमच. पण 'माहीत नाही, आहे' असे किती निघतात ते मोजा. तोंडी परीक्षेत मी हेच करायचो. ज्याने स्वतः लिहिलंय तो अडखळतो पण सांगतो. ज्याने उतरवलंय तो छताकडे बघतो.

चौसष्टघरे

सगळ्यांचे आभार. तीन रात्री गृहपाठ केला.

एकूण आकडे २१२. त्यातले १४० कुठून आले ते मला नीट माहीत होतं, बहुतेक खुल्या कोडमधले. त्या प्रोग्रामांची नावं आता वाचा-मला फाइलमध्ये लिहिली, परवानाही जीपीएल ठेवला. एकसष्ट मी स्वतः डाव खेळवून ठरवलेले. माझ्याच वहीत तारखा सापडल्या, बायकोच्या वाढदिवसाचीही एक आहे. त्यावर घरात वेगळी चर्चा झाली.

उरले अकरा. छताकडे बघितलं.

भाच्याला बोलावलं. तो म्हणाला, एकेक काढून बघू. आठ काढले, पाचशे-पाचशे डाव ठमीला ठमीशीच खेळवलं, निकालात म्हणण्यासारखा फरक नाही. नववा आणि दहावा काढल्यावर ती किंचित सुधारली असा भास झाला. अकरावा काढला तर ती डावाच्या शेवटी हत्ती फुकट द्यायला लागली. चक्क देते, समोर नेऊन ठेवते. तो आकडा १७ आहे, त्याच्या शेजारी काहीही लिहिलेलं नाही.

लेखकाच्या ओळीत तूर्त माझं आणि भाच्याचं नाव टाकलंय. १७ कोणाचा आहे ते आम्ही दोघं शोधतोय. कोणी कुठे पाहिला असेल तर कळवा.

रिकामटेकडा

आमच्या गल्लीत १७ नंबरला एक शिंपी आहे. विचारून येतो.